ग्रामपंचायतीच्या जमाखर्चावर संशोधन करताना: दप्तर मागण्यापासून आकडे मांडण्यापर्यंत

लोकप्रशासन, अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शाखेत महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्यांचे आकडे चुकतात ते बहुधा नोंदवहीतला रकाना उतरवून घेताना. एकदा चुकीचा रकाना उतरवला, की पुढे सहसंबंध काढा किंवा प्रतिगमन चालवा, उत्तर चुकीचेच येते आणि ते चुकले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. असे बरेच प्रबंध आणि प्रकल्प-अहवाल वाचल्यानंतर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, म्हणून कामाचा क्रम येथे मांडला आहे.

सुरुवातीलाच एक शब्द स्पष्ट करून घेऊ. ग्रामपंचायतीत ‘नमुना’ म्हणजे ठरावीक प्रपत्र किंवा नोंदवही, तर संशोधनपद्धतीच्या पुस्तकात ‘नमुना’ म्हणजे निवडलेले घटक. ‘नमुना ८ मधून नमुना निवडला’ अशी वाक्ये प्रबंधात वाचायला मिळतात आणि परीक्षक गोंधळतो. या लेखात नमुना म्हणजे केवळ प्रपत्र. अभ्यासासाठी घेतलेल्या ग्रामपंचायतींना ‘निवडक ग्रामपंचायती’ म्हटले आहे.

१. प्रश्न अरुंद करणे

‘अमुक तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक विद्यापीठात मंजूर होते, पण त्यातून कोणता आकडा गोळा करायचा हे कळत नाही. म्हणून दप्तराकडे जाण्यापूर्वी एका वाक्यात प्रश्न लिहावा आणि त्या वाक्यातील प्रत्येक संज्ञेसमोर ती कोणत्या नोंदवहीतून मिळेल हे लिहावे. ‘वित्त आयोगाचे अनुदान वाढल्यावर ग्रामपंचायतीची स्वतःच्या करांची वसुली मंदावते का?’ हा प्रश्न घेतला, तर त्यात ‘अनुदान’, ‘स्वतःचे कर’ आणि ‘वसुली’ अशा तीन संज्ञा आहेत. तिन्हींचे स्रोत वेगळे आहेत. ज्या संज्ञेसमोर नोंदवहीचे नाव लिहिता येत नाही, ती संज्ञा प्रश्नातून काढावी किंवा बदलावी.

याच टप्प्यावर आणखी एक भेद पक्का करावा. गावात झालेला सार्वजनिक खर्च आणि ग्रामपंचायतीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजगार हमीची मजुरी थेट मजुराच्या खात्यात जाते, प्रधानमंत्री आवास योजनेचे हप्ते लाभार्थ्याच्या खात्यात जातात आणि जिल्हा परिषदेने स्वतः केलेल्या रस्त्याचा खर्च जिल्हा परिषदेच्या पुस्तकात असतो. यांपैकी काहीही ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत सापडणार नाही. ते सापडत नाही म्हणून ‘ग्रामपंचायत विकासावर खर्च करत नाही’ असा निष्कर्ष काढणारा प्रबंध मी स्वतः वाचलेला आहे.

२. निवडक ग्रामपंचायतींची यादी तयार करणे

यादी नावांवर अवलंबून ठेवू नये. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव ही नावे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कधी एकाच तालुक्यात दोन सापडतात आणि खुर्द-बुद्रुकने घोळ आणखी वाढतो. प्रत्येक ग्रामपंचायतीसमोर केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील सांकेतांक आणि तिच्यातील प्रत्येक महसुली गावासमोर २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी सांकेतांक लिहावा. हे दोन सांकेतांक एकमेकांशी आपोआप जुळत नाहीत, कारण गट ग्रामपंचायतीत दोन, तीन किंवा अधिक महसुली गावे असतात. लोकसंख्या गावनिहाय मिळते आणि हिशेब ग्रामपंचायतनिहाय, त्यामुळे जोडणीचा तक्ता हातानेच तयार करावा लागतो. या कामाला दोन-तीन दिवस लागतात. ते टाळून चालत नाही.

अभ्यासकाळात एखादी ग्रामपंचायत नाहीशी झाली आहे का, हेही येथेच तपासावे. २०१४ नंतर राज्यातील अनेक तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतीत रूपांतर झाले. त्या बहुधा तालुक्यातील सर्वांत मोठ्या आणि सर्वाधिक करउत्पन्नाच्या ग्रामपंचायती होत्या. त्या यादीतून गळल्या, की तालुक्याचे सरासरी करउत्पन्न अचानक घसरलेले दिसते, वस्तुतः उरलेल्या एकाही गावात काही बदललेले नसते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा ठाण्याची जिल्हानिहाय आकडेमालिका वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

तपासणी: यादीतील प्रत्येक ग्रामपंचायत अभ्यासाच्या पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही वर्षी, त्याच गावांसह अस्तित्वात होती का?

३. नोंदवह्या आधी कोऱ्या वाचणे

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ नुसार ग्रामपंचायतीचे हिशेब नमुना १ ते ३३ मध्ये ठेवले जातात. प्रत्यक्ष कार्यालयात जाण्यापूर्वी हे नमुने कोरे मिळवावेत आणि त्यांतील रकान्यांची शीर्षके वाचावीत. वित्तविषयक संशोधनाला पुढील नमुने पुरेसे होतात.

नमुना १ हे अंदाजपत्रक आहे. नमुना ३ मध्ये वर्षाचा जमाखर्च आणि नमुना ४ मध्ये मत्ता व दायित्वे असतात. नमुना ५ ही सामान्य रोकडवही आहे आणि सगळ्या खऱ्याखोट्याची शेवटची परीक्षा तिथेच होते. नमुना ८ मध्ये कर आकारणी, नमुना ९ मध्ये कराची मागणी व वसुली, तर नमुना १० म्हणजे करदात्याला दिलेली पावती.

नमुना १ आणि नमुना ३ यांची अदलाबदल ही सर्वांत सामान्य चूक आहे. अंदाजपत्रकातील आकडे हे अपेक्षा असतात. अनेक ठिकाणी ते मागील वर्षाच्या आकड्यांत थोडी भर घालून तयार केलेले असतात, त्यामुळे त्यांची मालिका फार सुबक, सरळ रेषेत वाढणारी दिसते. आपली मालिका अशी सुबक दिसू लागली, तर आपण खर्च म्हणून अंदाजपत्रक उतरवले आहे का, हे आधी पाहावे. ग्रामपंचायत विकास आराखड्याचेही तसेच आहे: आराखड्यात धरलेली रक्कम आणि झालेला खर्च यांचा संबंध असतोच असे नाही.

४. परवानगी आणि माहितीचा अर्ज

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्रासह गटविकास अधिकाऱ्यांना भेटावे, विषय सांगावा आणि त्यांच्या पत्राची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत जावे. उलट क्रमाने गेल्यास ‘वरून पत्र आणा’ असे ऐकून परतावे लागते. मार्च अखेर, ग्रामसभेचा आठवडा आणि लेखापरीक्षणाचे दिवस टाळावेत. त्या काळात दप्तर कार्यालयात असले तरी हाती येत नाही.

पत्राने काम झाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करतात. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ३० दिवसांत माहिती मिळणे अपेक्षित असते, आणि न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. छायाप्रतीचा खर्च पानामागे २ रुपये येतो.

अर्जात ‘गेल्या दहा वर्षांतील उत्पन्न व खर्चाची तुलनात्मक माहिती द्यावी’ असे लिहू नये. तुलना करून देणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही, आणि अर्ज त्याच कारणाने परत येतो. ‘सन २०१६-१७ ते २०२२-२३ या वर्षांच्या नमुना ३ च्या प्रती’ असे, अस्तित्वात असलेल्या कागदाचे नाव घेऊन लिहावे. कागद फार असतील, तर प्रतींऐवजी अभिलेख पाहण्याची मागणी करावी.

सावधान: नमुना ८ व ९ मध्ये मिळकतधारकांची नावे असतात. संशोधनाला नावांची गरज नसते. उतरवतानाच नावाऐवजी स्वतःचा अनुक्रमांक द्यावा. ‘नंतर काढू’ म्हणून ठेवलेली नावे परिशिष्टात छापली गेल्याची उदाहरणे आहेत.

५. नोंदी उतरवून घेणे

नमुना ९ चे एक पान उघडले, की डावीकडे मिळकत क्रमांक आणि नाव असते. त्यापुढे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी असे गट, व प्रत्येक गटाखाली मागील, चालू आणि एकूण असे तीन उपरकाने. मागणीचा हा पसारा संपला, की तोच पसारा वसुलीसाठी पुन्हा सुरू होतो. पानाची बेरीज तळाशी असते, कधी पेन्सिलीने, कधी खाडाखोड करून, कधी नसतेच. पूर्ण वही उतरवण्याची गरज नसते, परंतु शेवटच्या पानावरचा गोषवारा जसाच्या तसा उचलणेही धोक्याचे असते. मधली चार-पाच पाने स्वतः बेरीज करून पाहावीत आणि ती गोषवाऱ्याशी जुळली, तरच गोषवारा घ्यावा.

सामान्य आणि विशेष पाणीपट्टी एकत्र करू नये. सामान्य पाणीपट्टी ही गावातील सार्वजनिक पाण्याच्या सोयीसाठीची आकारणी असते, तर विशेष पाणीपट्टी घरात नळजोड असलेल्यांकडून घेतली जाते आणि तिचा हिशेब पाणीपुरवठा निधीच्या स्वतंत्र खात्यात जातो. नळजोडांची संख्या वाढली म्हणून वाढलेली रक्कम ‘करउत्पन्नातील वाढ’ ठरवणे योग्य नाही.

केंद्र सरकारचे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ २०२० पासून उपलब्ध आहे आणि वित्त आयोगाच्या निधीसाठी ते उपयोगी आहे. मात्र ग्रामनिधीच्या, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाच्या, नोंदी तेथे किती पूर्ण आहेत हे गावागणिक बदलते. म्हणून तेथील शून्य हे ‘उत्पन्न नाही’ असे न वाचता ‘नोंद नाही’ असे वाचावे, आणि आपल्या तक्त्यात शून्य व रिक्त यांसाठी वेगळी खूण ठेवावी.

तपासणी: प्रत्येक ग्रामपंचायतीच्या प्रत्येक वर्षासाठी, आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर अखेरची शिल्लक, आणि ती अखेरची शिल्लक बरोबर पुढील वर्षाची आरंभीची शिल्लक. जेथे हे जुळत नाही, तेथे पुढे जाऊ नये. फरक छोटा असला तरी त्याचे कारण लिहून ठेवावे.

६. जमाखर्चाचे पुनर्वर्गीकरण

संपूर्ण कामातील सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. रोकडवहीच्या जमा बाजूला आलेली प्रत्येक रक्कम उत्पन्न नसते, आणि खर्च बाजूची प्रत्येक रक्कम खर्च नसतो.

पहिला प्रश्न खात्यांचा. ग्रामनिधी, पाणीपुरवठा निधी, वित्त आयोगाचा निधी अशी ग्रामपंचायतीची बँक खाती वेगवेगळी असतात. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळवली, की एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला जमा पडते. सगळ्या खात्यांची बेरीज केली तर हीच रक्कम दोनदा मोजली जाते. अशा वर्ग केलेल्या रकमा आधी वेगळ्या काढाव्यात. मुदतठेव मोडून आलेली मूळ रक्कमही उत्पन्न नाही. तिच्यावरील व्याज मात्र आहे.

दुसरा प्रश्न अनामत आणि कपातींचा. ठेकेदाराची सुरक्षा अनामत जमा बाजूला येते आणि काम संपल्यावर परत जाते. त्याच्या देयकातून कापलेला आयकर, बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर, गौण खनिजाचे स्वामित्वधन या रकमा ग्रामपंचायतीच्या हातून केवळ पुढे जातात. माझ्या स्वतःच्या पहिल्या अभ्यासात मी एका गावाचे ‘इतर उत्पन्न’ तिप्पट झाल्याचे मोठ्या उत्साहाने लिहिले होते; मार्गदर्शकांनी रोकडवही मागवली, तेव्हा ते उत्पन्न म्हणजे एका सभागृहाच्या ठेकेदाराची अनामत निघाली. दोन प्रकरणे पुन्हा लिहावी लागली.

तिसरा प्रश्न ‘स्वतःचे उत्पन्न’ कशाला म्हणायचे हा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खालील कर व फी ग्रामपंचायत स्वतः बसवते आणि वसूल करते; ते निःसंशय स्वतःचे. मुद्रांक शुल्काचे अनुदान मात्र जमीनखरेदीच्या व्यवहारांवर अवलंबून असते व शासनाकडून येते. शहरालगतच्या गावात ते मोठे असते, दुर्गम गावात जवळजवळ नसते. त्याला स्वतःचे उत्पन्न धरले, तर पुणे किंवा नाशिकच्या वेशीवरची ग्रामपंचायत केवळ जमिनीच्या भावामुळे ‘कार्यक्षम’ ठरते. माझ्या मते ते हस्तांतरित उत्पन्नातच ठेवावे. कोणी वेगळे करत असेल तर हरकत नाही, पण व्याख्या पहिल्याच प्रकरणात लिहावी आणि शेवटपर्यंत बदलू नये.

खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्चाबाबत जपावे. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातील शासनाचा हिस्सा थेट त्यांच्या बँक खात्यात जमा होऊ लागल्यावर ग्रामपंचायतीच्या पुस्तकात केवळ तिचा स्वतःचा हिस्सा दिसतो. आस्थापना खर्च ‘घटला’ असे दिसल्यास हे कारण आधी तपासावे. तसेच मागासवर्गीय कल्याणासाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के या राखीव खर्चांची टक्केवारी कोणत्या रकमेवर काढली आहे, हे ठरवल्याशिवाय ‘निकष पाळला नाही’ असे लिहू नये. ही टक्केवारी स्वतःच्या उत्पन्नावर असते. एकूण जमेवर काढली, की जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायत दोषी ठरते.

७. वसुलीची टक्केवारी

या एका गुणोत्तरावर अनेक प्रबंध उभे असतात, म्हणून ते उदाहरणाने पाहू. समजा, एका ग्रामपंचायतीची घरपट्टीची मागील थकबाकी ३,००,००० रुपये आणि चालू मागणी २,००,००० रुपये आहे. वर्षभरात थकबाकीपोटी ६०,००० आणि चालू मागणीपोटी १,४०,००० रुपये वसूल झाले, म्हणजे एकूण वसुली २,००,००० रुपये.

एकूण वसुलीला चालू मागणीने भागले, तर उत्तर १०० टक्के येते. चालू वसुलीला चालू मागणीने भागले, तर ७० टक्के. एकूण वसुलीला एकूण मागणीने भागले, तर ४० टक्के, आणि थकबाकीची वसुली केवळ २० टक्के. चारही आकडे एकाच वहीतले आहेत. पहिला आकडा निरर्थक आहे, कारण अंशात थकबाकी आहे आणि छेदात नाही. तरीही तोच सर्वाधिक वेळा छापला जातो. करप्रशासनाच्या नियमिततेचा अभ्यास असेल तर दुसरा घ्यावा, आणि साचलेल्या येण्याचा अभ्यास असेल तर तिसरा व चौथा.

सावधान: कर्मचारी वेतनातील शासनाचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला राहिला आहे. त्यामुळे वरिष्ठ कार्यालयाला कळवलेली टक्केवारी उचलू नये. ती नमुना ९ वरून स्वतः काढावी आणि दोन्हींत फरक आला, तर तो फरकच नोंदवण्याजोगा आहे.

८. मालिकेतील खंड ओळखणे

दहा वर्षांची मालिका हाती आली, की तिच्यावर नियम बदललेल्या तारखा उभ्या रेघांनी दाखवाव्यात. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने इमारतींची कर आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जागा व बांधकामाच्या ठरवलेल्या किमतीवर, आधारित झाली. त्यानंतरची मागणीतील उडी हा गावाच्या समृद्धीचा पुरावा नाही, आकारणीची पद्धत बदलल्याचा परिणाम आहे. शिवाय सगळ्या गावांत फेरआकारणी एकाच वर्षी झालेली नाही, म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीचे फेरआकारणीचे वर्ष नमुना ८ वरून टिपून घ्यावे.

वित्त आयोगाच्या अनुदानातही असेच खंड आहेत. चौदाव्या आयोगाच्या काळात, २०१५-१६ ते २०१९-२० मध्ये, ग्रामीण संस्थांचे अनुदान केवळ ग्रामपंचायतींना मिळाले. पंधराव्या आयोगात पंचायत समिती व जिल्हा परिषदही वाटेकरी झाल्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा वाटा ८० टक्के ठरला आणि उरलेले दोन स्तरांत दहा-दहा टक्के गेले. त्या अनुदानात बंधित आणि अबंधित भागांचे प्रमाण २०२०-२१ मध्ये निम्मे-निम्मे होते व २०२१-२२ पासून ६०:४० झाले. बंधित भाग पाणी व स्वच्छतेसाठीच वापरायचा असतो. तेव्हा २०२१ नंतर स्वच्छतेवरील खर्च वाढला याचे श्रेय ग्रामसभेच्या जागृतीला देण्यापूर्वी ही अट आठवावी. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पेसा, म्हणजे अशा क्षेत्रांसाठीच्या पंचायत विस्तार कायद्याखालील, अबंध निधीही मिळतो, त्यामुळे त्यांची तुलना बाहेरच्या ग्रामपंचायतींशी थेट करू नये.

दरडोई आकडे काढताना २०११ ची लोकसंख्या २०२२-२३ ला तशीच लावली, तर वाढत्या गावाचे दरडोई उत्पन्न फुगते. लोकसंख्येचा अंदाज कोणत्या वाढदराने काढला हे तळटीपेत द्यावे. किमतीतील वाढ वजा करण्यासाठी ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा आणि आधारवर्ष तक्त्याच्या शीर्षकातच लिहावे.

९. विश्लेषण

इथवरचे काम नीट झाले असेल, तर हा टप्पा सर्वांत लहान असतो. सरासरीबरोबर मध्यक द्यावाच, कारण एखाद्या औद्योगिक वसाहतीलगतची ग्रामपंचायत एकटीच तालुक्याची सरासरी ओढून नेते. अनुदान बऱ्याचदा मार्चच्या शेवटच्या दिवसांत जमा होते आणि पुढच्या वर्षी खर्च होते, म्हणून एका वर्षाचे ‘खर्चाचे प्रमाण’ न काढता तीन वर्षांची बेरीज घेऊन ते काढावे. तीस ग्रामपंचायती आणि बारा स्वतंत्र चले घेऊन प्रतिगमन करू नये.

१०. मांडणीपूर्वीची शेवटची फेरी

तक्ते तयार झाल्यावर, प्रकरण लिहिण्यापूर्वी, किमान तीन-चार ग्रामपंचायतींत परत जावे आणि आपला तक्ता ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर, शक्य असल्यास सरपंच व जुन्या लिपिकासमोर ठेवावा. ‘या वर्षी ही उडी कशाची?’ एवढाच प्रश्न विचारावा. बाजाराचा लिलाव, मोबाइल मनोऱ्याची थकलेली फी एकदम आल्याची नोंद, न्यायालयात अडकलेल्या कारखान्याच्या कराचा भरणा, अशी उत्तरे तेथेच मिळतात आणि ती कोणत्याही नमुन्यात लिहिलेली नसतात. मिळालेले उत्तर तारखेसह टिपून घ्यावे, त्याच्याशी जुळणारी रोकडवहीतील नोंद शोधावी, आणि नोंद सापडली तरच ते उत्तर प्रबंधात घ्यावे.